छोट्या पोकलेनचे दुखणे कसे ओळखावे?

आपल्याकडे माती उकरणाऱ्या यंत्राला सरसकट 'पोकलेन' म्हणतात. वास्तविक हे फ्रान्समधल्या एका कारखान्याचे नाव. पण वनस्पती तुपाला जसे लोक 'डालडा' म्हणू लागले, तसेच इथेही झाले. ह्या पोकलेनचे जे लहान भावंड, सहा टनांच्या आतले, ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या आरंभी जपानात आकाराला आले. तिथल्या अरुंद गल्ल्यांत मोठे धूड शिरत नव्हते म्हणून. आज आपल्या गावांतही नळाचे चर खणायला, केबल पुरायला, बागेत खड्डे घ्यायला हेच छोटे यंत्र येते. ते आजारी पडले म्हणजे काय करावे, ह्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुणाने साडेतीन टनांचे जुने यंत्र घेतले. बँकेचे कर्ज काढले, बायकोचे दागिने गहाण ठेवले. दोन महिने काम बरे चालले. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी सकाळी इंजिन सुरू झाले, आवाजही नेहमीसारखा, पण हातातल्या दांड्या हलवल्या तर बूम हलेना, बकेट हलेना, वरचा भाग फिरेना. बकेट चरात तसेच अडकलेले. कोणीतरी जाणता म्हणवणारा आला, त्याने दांड्या हलवून पाहिल्या आणि निदान केले, "पंप गेला." नव्या पंपाचा जो आकडा त्याने सांगितला, तो ऐकून त्या पोराने गोठ्यातल्या दोन म्हशी विकायचा विचार पक्का केला. गिऱ्हाईकसुद्धा ठरले. त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. येताना त्याने एवढेच विचारले, "काका, पंप जुना मिळेल का कुठे?"

पंप गेला होता का, हे पुढे सांगेन. आधी हे यंत्र चालते कसे ते समजून घेऊ. कारण यंत्र कसे चालते हे कळल्याशिवाय ते का थांबले हे कळत नाही.

ह्या यंत्राच्या अंगात दोन ओघ वाहत असतात. एक तेलाचा, एक विजेचा. तेल जोर लावते आणि वीज हुकूम पोचवते. इंजिन पंप फिरवते, पंप टाकीतले तेल ओढून झडपांच्या पेटीकडे ढकलतो, आणि तुम्ही जी दांडी हलवाल त्याप्रमाणे तेल त्या त्या जॅककडे किंवा मोटरकडे जाते. बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे पास्कल नावाच्या फ्रेंच पंडिताने सतराव्या शतकात दाखवून दिले. आणि १७९५ साली ब्रामा ह्या इंग्रज कारागिराने त्यावर आपला दाबयंत्राचा हक्क नोंदवला. आपला जॅक म्हणजे त्याच कल्पनेचा नातू. हिशेब करून पाहा. आठ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे पन्नास चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोचा दाब दिला, तर जोर होतो दहा टन. मनगटाएवढ्या दांड्यातून दहा टन! तो जोर चांगल्या कामाचा, तसाच घाताचाही. हे शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

आता एक सूत्र पाठ करून ठेवा. तेलाचा ओघ म्हणजे वेग, आणि तेलाचा दाब म्हणजे ताकद. यंत्र हळू चालते पण माती मात्र सोडत नाही, तर ओघ कमी झाला आहे. पंप, गाळणी, टाकीतली पातळी ह्यांकडे पाहा. यंत्र मोकळ्या हवेत चपळ चालते पण मातीला भिडले की हात टेकते, तर दाब कमी आहे. दाब मर्यादेत ठेवणारी झडप, जिला कारागीर 'रिलीफ' म्हणतात, तिच्याकडे पाहा. एवढ्या एका सूत्राने निम्मी भटकंती वाचते.

पाना हातात घेण्यापूर्वी यंत्राला तीन प्रश्न विचारावेत. चांगला वैद्य नाडी पाहण्याआधी जसे रोग्याला विचारतो, तसे.

पहिला प्रश्न: सगळेच बिघडले की एकच? सगळ्या हालचाली मंदावल्या असतील तर दोष सगळ्यांना सामाईक अशा ठिकाणी असणार. म्हणजे तेल, गाळणी, पंप किंवा हुकूम पोचवणारे मंडळ. एकच हालचाल बिघडली असेल, तर पंपाला दोष देणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

दुसरा प्रश्न: थंड असताना की तापल्यावर? सकाळी यंत्र झकास चालते आणि दुपारी बारानंतर कुथू लागते, तर समजा की तेल पातळ झाल्यावर झिजलेल्या फटींतून ते आतल्या आत निसटते आहे. उलट, सकाळी कुरकुरते आणि तापल्यावर सुधारते, तर तेल फार घट्ट आहे किंवा ओढणीची गाळणी तुंबली आहे.

तिसरा प्रश्न: एकाएकी की हळूहळू? झीज कधी एका रात्रीत होत नाही. काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेले यंत्र आज सकाळी मुकाट झाले, तर बहुधा तार तुटली, फ्यूज उडाला, काहीतरी अडकले किंवा निसटले. पंपासारख्या वस्तू आधी महिना-दोन महिने तक्रार करतात. आपण ऐकत नाही एवढेच.

आता विजेकडे वळू. ह्या लहान यंत्रांत बहुधा बारा व्होल्टची बॅटरी असते. विजेचे सगळे दोष तीन जातींत बसतात. तार तुटली म्हणजे वीज पुढे जातच नाही. तार सोलपटून लोखंडाला टेकली म्हणजे वीज भलत्या वाटेने धावते आणि फ्यूज उडतो. आणि तिसरी, सर्वांत फसवी जात म्हणजे सांधा गंजला. वीज जाते, पण लंगडत जाते. पावसाळ्यानंतर ह्या तिसऱ्या जातीचे रोगी फार. यंत्र बरेच दिवस उभे राहिले असेल तर उंदरांनाही विसरू नका; मऊ तारेची साल त्यांना भारी आवडते.

एक पंधरा रुपयांचा बल्ब आणि दोन तारा, किंवा बाजारात मिळते ते साधे मीटर, एवढ्यावर पुष्कळ काम होते. इंजिन बंद ठेवून काही तासांनी बॅटरीवर मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले तर ती भरलेली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसले पाहिजे. तसे नसेल तर चार्जिंग होत नाही, आधी पट्टा आणि मग अल्टरनेटर तपासा. सेल्फ मारताना काटा साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे.

सेल्फ लागत नसेल तर आणखी सोपी युक्ती. दिवा लावून ठेवा आणि चावी फिरवा. दिवा एकदम मंद होऊन विझला तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिची टर्मिनल ढिली वा गंजलेली आहेत. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ गप्प, तर हुकूमच सेल्फपर्यंत पोचत नाही. चावी, रिले आणि डाव्या हाताशी असलेली सेफ्टीची दांडी पाहा. पुष्कळ यंत्रांत ती दांडी वर उचलल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. ह्या एका गोष्टीपायी दहा मैलांवरून कारागीर बोलावलेला मी पाहिला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

अर्थची तार लोक नेहमी विसरतात. मीटरची एक टोकदार काडी बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर ती अर्थची जोडणी खराब आहे. बोल्ट काढा, लोखंड चकचकीत घासा, पुन्हा घट्ट बसवा. नवा सेल्फ विकत घेण्याआधी एवढे करा.

आणि फ्यूजविषयी एक विनंती. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी जाड तार किंवा मोठ्या अंकाचा फ्यूज घालू नका. फ्यूज हा घरचा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्याचे तोंड बांधले, तर चोर घर पेटवून जाईल. तेल आणि डिझेल ह्यांच्या शेजारी तापलेली तार म्हणजे काय, हे सांगायला नको.

आता तेलाचा कारभार. यंत्र सपाट जागेवर उभे करा, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बूम-बकेट ठेवा आणि टाकीच्या काचेत पातळी पाहा. मग तेल कसे दिसते ते पाहा. ताकासारखे पांढुरके असेल तर पाणी शिरले आहे. नुसता फेस असेल आणि पंप किरकिर ओरडत असेल, तर ओढणीच्या नळीतून हवा शिरते आहे. पट्टी आवळा, नळीची चीर शोधा. तेल काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर ते फार तापले आहे. साधारण पन्नास ते ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तेलाला सुखाचे. त्यावर सतत राहिले की तेलही बिघडते आणि सीलही कडक होतात. तेव्हा पंपाला शिव्या देण्याआधी कूलरच्या जाळीत अडकलेली माती आणि पाचोळा काढा.

पंपातल्या फटी किती बारीक असतात ठाऊक आहे? मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा, कित्येकदा त्याहूनही कमी. माणसाचा केस त्याच्या काही पटींनी जाड. म्हणून टाकीचे झाकण उघडताना भोवतालची धूळ पुसणे, तेल स्वच्छ डब्यातून आणि स्वच्छ गाळण्याने ओतणे, हे सोवळे पाळलेच पाहिजे. जुनी गाळणी फेकण्यापूर्वी कापून उघडा. आत काळे रबर सापडले तर कुठलेसे सील किंवा होज झडते आहे. पिवळ्या धातूची चमक दिसली तर पंपाची किंवा मोटरची झीज सुरू झाली आहे. गाळणी म्हणजे यंत्राची पत्रिकाच. वाचता आली पाहिजे.

एकच हालचाल बिघडली असेल तेव्हा अदलाबदलीची युक्ती कामाला येते. समजा यंत्र सरळ चालत नाही, डाव्या बाजूला ओढते. म्हणजे डावी चेन मागे पडते. चेनचा ताण ठीक आहे, मध्ये दगड अडकलेला नाही, हे आधी पाहा. मग मधल्या फिरत्या सांध्याच्या खाली दोन्ही मोटरांच्या नळ्या एकमेकींच्या जागी लावा. आता उजवी चेन मागे पडू लागली, तर मोटर निर्दोष. दोष सांध्यात किंवा त्याच्याही वर आहे. डावीच मागे राहिली, तर दोष त्या मोटरीत. एकही सुटा भाग न विकत घेता निम्मे यंत्र निर्दोष ठरले.

बूम उचलून ठेवली आणि आपोआप खाली येऊ लागली, तर जॅकच्या आतले सील गेले असेल किंवा झडपेतून तेल निसटत असेल. हे ओळखायला जॅक पुरता बाहेर काढून त्याला लाकडी ओंडक्यांचा पक्का आधार द्यावा, दाब सोडावा, दांड्याकडची नळी सोडून तिचे तोंड बुचाने बंद करावे, आणि तळाकडून हलकेच दाब द्यावा. दांड्याकडच्या उघड्या तोंडातून तेल वाहू लागले तर सील गेले. तिथे कोरडे असेल तर जॅक उघडण्याचा खर्च वाचला, झडपेकडे चला. हे काम करताना त्या उघड्या तोंडासमोर कोणी उभे राहायचे नाही.

रिलीफ झडपेचा स्क्रू मात्र अंदाजाने पिळू नका. दाबाचे घड्याळ लावल्याशिवाय त्याला हात लावणे म्हणजे आंधळ्याने वस्तरा चालवणे. ताकद थोडी वाढल्यासारखी वाटते, आणि आठ दिवसांनी होज फुटतो.

आता त्या तरुणाच्या यंत्राकडे परत येऊ. मी गेलो आणि तेच तीन प्रश्न विचारले. एकाएकी बंद पडले. म्हणजे झीज नव्हे. बूम, आर्म, फिरणे, सगळेच बंद. म्हणजे सामाईक दोष. मग मी पुढच्या पात्याची दांडी ओढली. पाते उचलले गेले. चेनच्या दांड्या जपून, जरासाच धक्का देऊन पाहिल्या. यंत्र वीतभर सरकले, आणि तेही जोराने. आतापर्यंत चेन चालवून कोणी पाहिलेच नव्हते. बकेट चरात अडकलेले, बूम वाकेल ह्या भीतीने.

ह्यातच उत्तर होते. त्या यंत्रात चेनच्या आणि पात्याच्या दांड्या झडपांना थेट जोडलेल्या आहेत. पण हातातल्या दोन दांड्या मुख्य तेलाला हात लावत नाहीत. त्या पस्तीसेक बारच्या हलक्या तेलाने मोठ्या झडपांना हुकूम पाठवतात, आणि हे हलके तेल सोडणारी एक छोटी झडप विजेवर चालते. सेफ्टीची दांडी खाली केली की तिच्या गुंडाळीत वीज जाते, चुंबक तयार होते आणि वाट उघडते. मुख्य पंप मेला असता तर चेन चालली नसती. हुकूमच पोचत नव्हता.

त्या गुंडाळीजवळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नेले आणि त्याला दांडी खाली करायला सांगितले. चुंबक असते तर टोक खेचले गेले असते. खेचले नाही. गुंडाळीचे कनेक्टर काढून बल्ब लावला; उजेड नाही. फ्यूज पाहिला, शाबूत. म्हणजे तार टेकली नव्हती, तुटली होती. मग तार कुठे तुटेल? जिथे ती रोज वाकते तिथे. सेफ्टीची दांडी दिवसातून पन्नास वेळा वर-खाली होते. तिच्या बिजागरीपाशी तार चाचपली. वरची साल जशीच्या तशी, पण आतले तांबे तुटलेले. बोटाला ती जागा मऊ लागली. वीतभर नवी तार जोडली, सांधा नीट बांधला, वाकायला जरा सैल जागा ठेवली. दांडी खाली केली, 'टक्' असा बारीक आवाज आला, आणि बूम उचलली गेली.

त्या मुलाने काही बोलण्याऐवजी यंत्रावरून उडी मारली आणि म्हशीच्या गिऱ्हाइकाला नको सांगायला पळत गेला.

ही आनंदाची गोष्ट झाली. दुसरी सांगतो, ती मात्र आनंदाची नाही, आणि तीत चूक माझी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता. होजला कुठेतरी बारीक गळती होती. इंजिन चालू असताना त्याने होजवरून बोट फिरवले आणि "काटा टोचला" म्हणाला. बोटावर सुईच्या टोकाएवढा ठिपका, रक्तसुद्धा नाही. मी म्हटले, "पूस आणि कामाला लाग." संध्याकाळी बोट सुजले. घरी हळद लावली. दुसऱ्या दिवशी हात काळानिळा झाला, तेव्हा दवाखाना आठवला. बोट गेले. दोनशे बारच्या दाबाने सुटलेली तेलाची धार कातडीच्या आत शिरते आणि आतून मांस जाळत जाते; बाहेर मात्र एक ठिपका दिसतो. तो ठिपका काट्याचा नव्हता, हे मला ठाऊक असायला हवे होते.

म्हणून हे पक्के लिहून ठेवा. गळती हाताने कधीही शोधायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा, तेल कुठे उमटते ते पाहायचे. आणि एवढे करूनही कोणाला असा ठिपका उमटलाच, तर दुखत नसले तरी त्याच घटकेला शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा इस्पितळात न्यायचे, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे, "दाबाचे तेल आत गेले आहे." त्यात काही तासांचा उशीरसुद्धा महाग पडतो.

नळी सोडण्यापूर्वी बकेट आणि पाते जमिनीला टेकवा. इंजिन बंद करा. चावी चालूवर ठेवून, सेफ्टीची दांडी खाली करून, हातातल्या दांड्या सर्व बाजूंना चार-सहा वेळा फिरवा, म्हणजे कोंडलेला दाब सुटेल. टाकीचे झाकण हळूहळू सैल करा. उचललेल्या बूमखाली आधार दिल्याशिवाय डोके घालू नका. विजेचे काम करताना बॅटरीची ऋण तार आधी काढा आणि शेवटी लावा.

आणि एक वही ठेवा. किती तासांनी तेल बदलले, गाळणीत काय सापडले, कुठली तार केव्हा जोडली, हे त्या वहीत दोन ओळींत लिहा. यंत्राला बोलता येत नाही. त्याच्या वतीने ती वही बोलते. उद्या कोणी येऊन "पंप गेला" म्हणाला, तर त्याला वही दाखवा आणि नम्रपणे विचारा, "चेन चालवून पाहिली का?"